जागेवर न केलेला पंचनामा

भिसेगावातल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या टोळीने या माघात नदीकाठचं निसर्ग उद्यान पायी पाहायचं ठरवलं. सकाळी फाटकातून शिरायचं, झाडीतून काठाकाठाने वरच्या बंधाऱ्यापर्यंत जायचं, डबे खायचे आणि ऊन कलायच्या आत परतायचं. मी नको म्हणत होतो. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती.

फाटकाशी फलक आहे. ही जागा पूर्वी ओसाड आणि निर्जन होती, असं त्यावर रंगवलंय. टोळीतले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ ते मोठ्याने वाचून म्हणाले, "बघा, ओसाड जागेचं सोनं केलं!" माझ्या मस्तकात तिडीक गेली. समोर किंजळ, करंज, उंबर उभे होते, दोघांच्या कवेत न मावणारे. एवढी झाडं काय यांनी पिशवीतून आणली? मी पुढे निघालो.

तासभर चाललो. एकाने फोनवर पक्ष्याचा आवाज लावला, त्याला झाडीतल्या पक्ष्याने उत्तर दिलं, आणि सगळे पोरांसारखे हसले. मग तारेचं कुंपण आलं. तिथे रखवालदाराने वरच्या वाडीतल्या एका बाईला अडवलं होतं. साठीची असेल. डोक्यावर पाटी, पाटीत नदीतल्या चिंबोऱ्या.

"आजे, कितींदा सांगू गं? तिकीट काढ, नायतर पुलावरनं जा."

"माझ्याच वाटंला तिकीट? चिंबोऱ्यांचं अर्धं काढू का रं?"

आमची मंडळी हसली. रखवालदार चिडला. "हितं वाट नव्हतीच. सायबाकडं कागद हाय."

बाईची नजर माझ्यावर थांबली. "मास्तर ना तुमी? जूनमदी पोरांची नावं घालाया वाडीवर यायचात, ते कुठनं? सांगा याला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

पलीकडच्या गावात मी सात वर्षं शिक्षक होतो. दर जूनला याच वाटेने वाडीवर जाऊन मुलं शाळेत आणली. आणि त्याच गावात एका मे महिन्यात, ही जागा उद्यानाला द्यायची म्हणून, पंचनामा झाला. जागा मैलभरसुद्धा दूर नव्हती. पण आम्ही पाच पंच एका ओट्यावर बसलो. चहा झाला, भजी झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला. तलाठी सांगत गेला, मी लिहीत गेलो: 'समक्ष जागेवर जाऊन पाहिले असता पायवाट अगर वहिवाट दिसून आली नाही.' पायवाट या शब्दापाशी माझा हात थांबला. "मास्तर, शाई संपली का?" तलाठ्याने विचारलं. नाही म्हटलं आणि वाक्य पुरं केलं. माझा बदलीचा अर्ज वर गेला होता. चार वजनदार माणसांशी वाकडं नको होतं. एवढंच कारण. इतकं क्षुद्र.

"वाट होती," मी रखवालदाराला म्हटलं. "नव्हती असं पंचनाम्यात मीच लिहिलं. ओट्यावर बसून खोटं लिहिलं."

बँकवाल्यांनी माझं कोपर धरलं. "अहो, सोडा. तेव्हा सगळेच ओट्यावर बसून करायचे."

"बाकीचे चौघे पंच मेले! मी आहे ना जिवंत?" मी ओरडलोच. मला त्यांचा राग आला, फलकाचा आला, स्वतःचा तर किळस येईपर्यंत आला.

बाई शांतपणे म्हणाली, "मग तवाच का नाय बोललात?"



"माज्याशी भांडून काय उपेग, काका?" रखवालदार म्हणाला. "लिवून द्या."

टोळी बंधाऱ्याकडे डबे खायला गेली. रखवालदाराने पाठ फिरवली, तशी मी तार वाकवून बाईमागे वाडीवर गेलो. गुडघा खरंच ठणकत होता. वाडीने वाटेसाठी कितीदा अर्ज केले, ते तिने चालता चालता सांगितलं. दर वेळी माझा कागद आडवा येतो. चैत्रात त्यांची विहीर आटते. मग नदीचं पाणी पुलाला वळसा घालून डोक्यावरून आणायचं, दिवसातून दोनदा. ही पायपीट मी त्यांच्या माथी मारली. वर शाळेत त्यांच्याच मुलांना 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहून दिलं.

दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीत जबाब घेऊन गेलो. कारकुनाने वाचला आणि विचारलं, "पहिला खोटा म्हणता, तर हा खरा कशावरून?"

प्रश्न रास्त होता, तरी अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "चला माझ्याबरोबर. पाय ठेवून पाहा. दगड झिजलेत तिथले."

"बघू," तो म्हणाला.

तेव्हापासून रोज येतो. हे लिहितोय तेही त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून. तो मला टाळून मागच्या दाराने चहाला जातो. फाल्गुन निम्मा सरलाय. विहीर आटण्याआधी याला उठवून जागेवर न्यायचंय.