कोऱ्या पानावरची सही

पोलीस ठाण्याच्या शांतता समितीवर माझी नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं, आता नागरिक पोलिसांना जाब विचारणार. मोर्च्यांची पत्रकं वाटत वाढलेल्या पोरीला असंच वाटणार.

विचारायला कारणही होतं. आमच्या गल्लीतल्या बांधकामावर हरसूलकडचा एक बिगारी होता. चोरीच्या संशयावरून त्याला ठाण्यात नेलं, मारलं, आणि दुसऱ्या दिवशी खरा चोर सापडल्यावर सोडून दिलं. डाव्या कानाने त्याला ऐकू येईनासं झालं. ठाण्यात तक्रार घेईनात, म्हणून पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे मी त्याचा अर्ज लिहून दिला. तो म्हणाला, "तुम्ही ठाण्यात बसता ना ताई? मंग तिथं बी सांगा."

गणपतीआधीची बैठक होती. दारातच हवालदाराने रजिस्टर पुढे केलं. पान कोरं, फक्त तळाशी सह्या. "सही करा मॅडम, मग चहा." सगळे करत होते, मीही केली.

मी बिगाऱ्याचा विषय काढला. ठाण्याचे मुख्य साहेब शांतपणे म्हणाले, "ही समिती सूचना देते, चौकशी करत नाही."

शेजारच्या खुर्चीतले जुने सदस्य सराफकाका हसले. "अगं पोरी, मिरवणुकीचा रस्ता तरी ठरू दे. इतकी वर्षं येतोय, चहाशिवाय आम्ही काही मागितलं नाही."

"आणि तोही बिनसाखरेचा," कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. माझा विषय तिथेच संपला.

पुढे प्राधिकरणात सुनावणी लागली. ठाण्याच्या उत्तराला त्या बैठकीचं इतिवृत्त जोडलं होतं. 'सदर मजुरास मारहाण झालेली नाही, याबाबत सदस्यांची खात्री पटली.' खाली आमच्या सह्या. तिसरी माझी.

"काय लिवलंय?" बिगाऱ्याने विचारलं. मी त्याच्या डाव्या बाजूला होते, हळू सांगितलेलं त्याला ऐकू येईना. भरल्या दालनात मला ते मोठ्याने वाचावं लागलं.

"सही तुमची हाय?"

"हो. पान कोरं होतं तेव्हा केली."

"आमचा अंगठा बी असाच घेत्यात," तो म्हणाला. "पण तुम्ही तर शिकलेल्या."

मी तिथेच प्रतिज्ञापत्र दिलं. पान कोरं होतं, विषय मी काढला होता, कोणाचीही खात्री पटली नव्हती. कोऱ्या पानावर सही केली हा माझा दोष, हेही लिहिलं. ते दाखल झालं आणि पुढची तारीख पडली.

बाहेर पायरीवर बसून तो म्हणाला, "मंग हे लोक त्या पोलिसाला शिक्षा करतील?"

"नाही. चौकशी करून सरकारला शिफारस करतील."

"आन् पोलीस कोणाचे?"

"सरकारचेच."

 त्याचा त्या दिवसाचा खाडा झालाच होता, पुढच्या तारखेला आणखी एक होणार होता. तो उठला, कपडे झटकले.

"कितवी तारीख म्हणाले?" त्याने विचारलं. "येतो मी."