नाव लिहू नये

खडकीच्या सलीमा सिस्टरनं एकोणीस वर्षं जळीत वॉर्डात काढली. जखमेवरची पट्टी सोडवायची तर तिनंच, असा पेशंटांचा हट्ट असे. चिकटलेली पट्टी ती सलाईननं भिजवत बसायची, ओढायची नाही. डॉक्टर घड्याळ बघत; बघोत बापडे.

फेब्रुवारीत सिलिंडरच्या स्फोटात भाजलेल्या मायलेकी एकाच दिवशी गेल्या. लेक आठ वर्षांची. त्यानंतर सलीमाला जेवण जाईना. गॅस पेटवायलाही ती धजेना, तेव्हा नवऱ्यानं, तालिबनं, मुकाट्यानं स्वयंपाक हाती घेतला.

त्याच सुमारास रुग्णालयाला नर्सेसच्या मनाची काळजी वाटू लागली. तपासणीवाले येणार होते, म्हणजे वाटणं भागच होतं. फॉर्म आले: मनातलं लिहा, नाव लिहू नये, पेटीत टाका. सलीमानं पानभर लिहिलं. झोप नाही, पट्टी सोडवताना हात थांबतो, कुणाशी तरी बोलायचंय. आणि खाली सवयीनं तारीख, वेळ, पूर्ण नाव, सही. पेशंटला पाजलेल्या घोटभर पाण्याचीही नोंद जिनं कधी सहीशिवाय केली नाही, तिच्याकडून दुसरं काय होणार!

आठवड्यानं मेट्रन शालन मॅडमनी बोलावलं. फॉर्म टेबलावरच होता.

"हात थांबतो म्हणता. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मॅडम, मला फक्त बोलायचं होतं हो कुणाशी. वॉर्ड नका काढून घेऊ."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी आहे. जरा आराम करा."

आराम म्हणजे तळघरातल्या स्टोअरमध्ये चादरींच्या घड्या घालणं. बोलायला माणूस मिळालं नाही ते नाहीच. वरून निरोप तेवढे येत: सात नंबरच्या आजी सलीमा सिस्टरशिवाय पट्टीला हात लावू देत नाहीत. ती दोनदा मेट्रनकडे विचारायला गेली, दोनदा हात हलवत परत आली. रुग्णालयाच्या दारात फलक लागला, 'आम्ही परिचारिकांचं मन जपतो.' पाट्यांसाठी बदनाम असलेल्या या शहरातही इतकी निर्लज्ज पाटी दुसरी नसेल.

जूनमध्ये सृष्टी चादरी न्यायला खाली आली. सलीमाच्या जागी नेमलेली, बावीस वर्षांची पोर. चादरी उचलता उचलता मटकन खाली बसली आणि हमसून रडू लागली.

"मॅम, मला नाही होत आता. घरी गेले तरी त्यांचं ओरडणं ऐकू येतं. मेट्रन मॅडमना सांगून बघू?"

सलीमानं तिला पोटाशी धरलं. रडू दिलं, तोंड पुसलं, पाणी पाजलं.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "वर जा. कुणी विचारलं तर मजेत आहे म्हण."