सरांच्या मापाचं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या दाराशी चपला जमतात ना, तसे ते जमतात. पोरं येतात, शिकतात, निघून जातात आणि एखादा जोड तिथेच राहतो. टाकवत नाही. मी तो झटकते आणि परत जागेवर ठेवते.

आमचं घर म्हणजे चऱ्होलीतला भाड्याचा वरचा मजला. मिशनरी व्हायला निघालेली तरुण पोरं इथे राहून ट्रेनिंग घेतात. चालवायचे आमचे हे. चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले आणि लगेच ‘सर’ झाले! मी सगळ्यांची आई. म्हणजे स्वयंपाक, औषधपाणी आणि ओरडणं माझ्याकडे.

सर फार उंच. वेल्डरकडून सगळ्या खाटा एकाच मापाच्या करून घेतल्या आणि स्वतःचेच पाय बाहेर! मी म्हणायचे, "आपल्यापुरती एक मोठी करायची होती की." ते म्हणायचे, "पाय बाहेर असले की सकाळी उठायला बरं पडतं."

*

सरांचा एक नियम होता. एका खोलीत दोघं, आणि दोघांचा मुलूख वेगळा. पुढे अनोळखी गावात जोडीनंच राहायचं असतं, तर आधी एकमेकांना सोसायला शिका, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या बॅचमध्ये त्यांनी जालन्याचा प्रकाश आणि मिझोरामचा झोवा एकत्र टाकले.

थोड्याच दिवसांत प्रकाश माझ्याकडे आला. "आई, हा माणूस हाय का भिंत? काहीही विचारा, एकच उत्तर. ओके!"

संध्याकाळी झोवा आला. मोडक्यातोडक्या मराठीत, अगदी अदबीनं म्हणाला, "आई, प्रकाश चांगला. पण तो बंद कुठून होतो?"

*

झोवाची स्वयंपाकाची पाळी आली. त्यानं मोहरीचा पाला नुसता उकडला. फोडणी नाही, तिखट नाही, तेलाचा थेंब नाही. प्रकाशनं ताटाकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, "कोण आजारी हाय?"

दुसऱ्या दिवशी प्रकाशनं ठेचा केला. झोवाचं नाक वाहतंय, डोळे वाहतायत, पण ताट चाटूनपुसून स्वच्छ! मी विचारलं, "कसा होता रे?"

"ओके."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ठसका मग कधी गेलाच नाही. पण तेव्हा आम्हाला काय कळणार!

*

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीणबाई, ठाकूबाई. आम्ही राहायला आलो तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "आमच्या पोरास्नी काय शिकवायचं न्हाई हां!" सर म्हणाले होते, "आधी आमचीच शिकू देत, ठाकूबाई."

पुढे ठाकूबाईंचे दीर वारले. प्रकाश चांगलं भाषण तयार करून सांत्वनाला गेला. थोड्या वेळात ठाकूबाईंचा निरोप आला, "ह्याला वर बोलवा आन् त्या न बोलणाऱ्याला धाडा."

झोवा गेला. कोपऱ्यात बसला, पाणी भरलं, भांडी घासली, अंधार पडल्यावर वर आला. प्रकाश हिरमुसला होता. "आई, मी एवढं पाठ केलं होतं ओ!"

तेव्हा झोवा पहिल्यांदा सलग बोलला. "आमच्याकडे मयताच्या घरी पोरं जाऊन बसतात. काम करतात. खड्डा पण पोरंच खणतात. पैसे देऊन नाही. आपल्या माणसाला परक्यानं मातीत का ठेवायचं?"



*

मग सरांना निगडीला दवाखान्यात ठेवावं लागलं. फुप्फुसाचं दुखणं होतं आणि फार पुढे गेलं होतं. तिथलाही पलंग आखूड! प्रकाश नर्सशी भांडायला लागला, "सिस्टर, मोठी साइज द्या ना."

"हे काय कपड्यांचं दुकान आहे?"

झोवानं स्टूल आणलं, वर उशी ठेवली आणि सरांचे पाय अलगद तिच्यावर ठेवले. त्या दिवसांत सरांना झोवाचा तो बिनतिखटाचा पालाच जायचा. झोवा डबा करायचा, प्रकाश भरवायचा. गावाकडच्या गप्पा ऐकता ऐकता सर चार घास जास्त खायचे.

हीच जोडी शेवटी फुटली. प्रकाश पलंगाशी मोठ्यानं प्रार्थना करत होता, "प्रभू, सर बरे होणारच!" झोवा हळूच म्हणाला, "सरांना विचार ना, त्यांना काय मागायचंय." प्रकाश भडकला. "तुझा विश्वासच कमी हाय!"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. डबा यायचा, घास भरवला जायचा, पण त्या खोलीत बसवत नसे. मला तर प्रकाशचाही राग येत होता, झोवाचाही, आणि खरं सांगू, देवाचाही.

सरांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शेवटी शेवटी मला म्हणाले, "मी गेलो तरी या दोघांना वेगळं करू नकोस. माझं तेवढं एकच काम राहिलंय."

ते राहिलंच. सर पहाटे गेले तेव्हा एक पोरगा पलंगाच्या या बाजूला होता आणि दुसरा त्या बाजूला.

*

सकाळी सरांच्या भावाला आणि दोघा पोरांना घेऊन मी दफनभूमीत जागा बघायला गेले. तिथल्या माणसानं खुणा करून खणायला सुरुवात केली होती. झोवा पुढे झाला आणि त्यानं त्या माणसाच्या हातातलं फावडं मागून घेतलं. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली.

प्रकाश लांब उभा होता. मग शर्ट काढून झाडाला अडकवला, कुदळ उचलली आणि आत उतरला. तो खणायचा, झोवा माती वर टाकायचा. इतका गप्प प्रकाश मी कधी बघितला नव्हता.

"बास की आता," तो माणूस म्हणाला. "सगळ्यांना एवढाच खणतो आम्ही."

झोवानं खड्ड्याकडे बघितलं, मग प्रकाशकडे. "तू उंच आहेस. झोप."

"अहो, जिवंत माणसानं आत आडवं होऊ नये!" तो माणूस ओरडला.

प्रकाश आडवा झाला. त्याचे तळवे पायाकडच्या मातीच्या भिंतीला टेकले. झोवा काठावर गुडघे टेकून बसला आणि त्याच्या पायांच्या पुढे हात धरून म्हणाला, "सर इथपर्यंत. अजून एवढं काढू."

दोघांनी तेवढं काढलं. प्रकाश पुन्हा आडवा झाला. झोवा वाकून विचारत होता, "पाय सरळ कर. अजून लांब कर. पुढे जागा राहते का? नीट बघ, प्रकाश. सरांना पुरेल?"

खालून आवाज आला, "ओके."