निलंबित मुलीच्या घरचे पोहे

दहावीतल्या एका मुलीला मी आठवडाभर निलंबित केलं आणि घरी बसायला सांगितलं. घरी बसलेल्या मुलीचं आमच्या शेवगावकडच्या खेड्यांत काय करतात, हे इतकी वर्षं इथे शिकवूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

गुन्हा असा. मधल्या सुट्टीत तिने ऑफिसातला माईक धरला आणि हुबेहूब मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या आवाजात जाहीर केलं, "आज दुपारनंतर शाळा सोडण्यात येत आहे. शांततेत जावे." शाळा शांततेत गेली. मी पर्यवेक्षक. गेटवर थांबून पोरं रांगेनं सोडणं माझं काम. मी हेल्मेट घालून गाडीला किक मारत होतो.

मोठ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "कुठे निघालात?"

"तुम्हीच सोडली ना शाळा?"

"मी डबा खात होते."

हे अख्ख्या नववी-दहावीनं पाहिलं. त्यामुळे नकलेला एरवी कान उपटून भागलं असतं, ते निलंबनावर गेलं. मी त्याला शिस्तभंग म्हटलं.

त्याच आठवड्यात तिच्या गावच्या पोरी एसटीतून उतरता उतरता म्हणाल्या, "सर, तिला आज बघायला येनारेत."

"कोण?"

"पाव्हणे. तिचा बाप म्हनतो, सरांनीच काढली, आता घरात ठिवून काय करायचं?"

पहिला तास सोडून मी गाडीवर तिचं गाव गाठलं. ओसरीत सतरंजी, त्यावर टोप्या. एका म्हाताऱ्यानं "या, या, लई उशीर केला" म्हणत मला मधोमध बसवलं आणि हातात पोह्यांची बशी दिली. खुलासा करायला तोंड उघडलं, त्यात पोहे गेले. चांगले झाले होते. समोर नवरा मुलगा मोबाईल बघत होता. सवयीनं म्हणालो, "ए, मोबाईल आत ठेव." त्यानं ठेवला.

तेवढ्यात बाप पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि दारातच थांबला. "सर, तुमी?"

"मुलीला न्यायला आलोय."

पाहुण्यांतले थोरले सरसावले. "तुमी कोन्च्या गावचे?"

"शाळेतून आलोय. निलंबन मागे घेतलंय."

"अजून हप्ता कुठं झालाय?" बाप म्हणाला.

"वागणूक सुधारली."

"घरात बसून?"

"हो." मग शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल अशा, प्रार्थनेच्या आवाजात म्हणालो, "पोरगी पंधराची आहे. वयाचा दाखला शाळाच देते, आणि कुणी विचारायला आलं तर मीच सांगणार."

थोरल्यांना शेवगावला काहीतरी काम असल्याचं आठवलं. सतरंजी रिकामी झाली. बाप तांब्या घेऊन तसाच उभा.

"पोरगी घरात ठिवायची का शाळेत, एकदाच काय ते सांगा, सर. तुमीच म्हनले घरी बसवा."

"शाळेत."

"मग न्या. पन पुन्यांदा घरी धाडू नका."

धाडणार नाही, म्हणालो. हातातली बशी कुठे ठेवावी ते कळेना.

ती आतून आली. नेसवलेली साडी तशीच, खांद्याला दप्तर. बापाला म्हणाली, तुमची गाडी काढा, मला शाळेत सोडा. मग माझ्या काखेतल्या हेल्मेटकडे बघितलं.

"सर, खोट्या सुट्टीला तुमी समद्यांच्या आधी गाडीवर बसले. अन् हितं यायला एवढे दिवस लागले व्हय?"