आतोबांची फटफटी आणि अकरा सिद्ध कारणे

आजार ओळखणारी माणसं रत्नागिरीत त्या काळी पुष्कळ होती. पण आजार बरा झाला की हिरमुसणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. ते हायस्कुलात शास्त्र शिकवीत. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियराकडून त्यांनी जुनी फटफटी घेतली होती, आणि तिच्या डाव्या अंगाला एक माणूस बसेल असा पाळणा जोडलेला होता. फटफटी सुरळीत चालली की आतोबांचा चेहरा उतरे. पण दोन-तीन मैलांवर ती मध्येच एखादा ठोका गिळू लागली, मग खोकली आणि शेवटी बंद पडली, की पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा फिरावी तसे ते खुलत. कोट जवळच्या फांदीला अडकवून, धोतराचा काचा मारून ते उकिडवे बसत. आधी टाकीचं झाकण उघडून आत काडी बुडवीत. "पेट्रोल आहे. म्हणजे पेट्रोल हे कारण नव्हे," असं रस्त्यावरच्या गुरांना बजावीत. मग प्लग काढून त्याची काजळी पुसत. फटफटी पहिल्या लाथेला सुरू होई. आतोबा खिशातली वही काढून लिहीत : 'कारण : प्लगवरील काजळी. सिद्ध.'

आठवड्याने त्याच रस्त्यावर तीच खोड. या वेळी ते ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून आतली टोकं घासत. फटफटी सुरू. 'कारण : मॅग्नेटो. सिद्ध.' शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे ते मुलांना छडीच्या आधाराने शिकवीत, आणि स्वतःही पाळीत. अशा रीतीने दसऱ्यापर्यंत एकाच खोडीची अकरा कारणं निर्विवाद सिद्ध झाली होती. शेजारच्या भटजींनी शनीकडे बोट दाखवलं. बंदरावरच्या एका तांडेलाने पेट्रोलात खारा वारा शिरल्याचं सांगितलं. आतोबांनी दोघांनाही अडाणी ठरवलं, आणि तांडेलाचं मत गुपचूप वहीत टिपून ठेवलं.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना माझ्या बहिणीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. ती बाळंतपणाला आमच्याकडे हातखंब्याला आली होती, आणि गावची सुईण नेमकी परगावी गेलेली. आमच्या घराण्यातली निम्मी मुलं आत्याच्या हातावर जन्मली होती, म्हणून मी सायकल हाणत रत्नागिरी गाठली. आत्याने हातातलं पीठ झटकलं, गाठोडं बांधलं आणि ती पाळण्यात जाऊन बसली. मी आतोबांच्या मागे बसलो.

तिसऱ्या मैलाला फटफटी खोकली. काडी, प्लग, लाथ, निघालो. पुढच्या चढावर पुन्हा तेच. काडी, कार्बोरेटर, लाथ, निघालो. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आतोबांनी रस्त्यात पंचा पसरून त्यावर नटबोल्टांचे पाने मांडायला घेतले. "आज मुळाशीच जातो," ते म्हणाले. मागून भाताच्या पेंढ्याने भरलेली एक बैलगाडी आली.

"मास्तरानू, बैल जुपू काय?" गाडीवानाने विचारलं.

आतोबांनी ऐकलंच नाही. आत्या पाळण्यातून उतरली. मला वाटलं, ती आता गाडीत चढणार. ती आतोबांच्या डोक्यापाशी येऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही काहीही दुरुस्त करा, त्याआधी दरवेळी हे झाकण उघडता. आणि झाकण उघडलं की ही चालते."

"ते निरीक्षण झालं. कारण नव्हे."

"रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल येतं का नीट बाहेर? दुसरं पाडावं लागतं, वारा आत जायला. याचं भोक कुठाय?"

तिने झाकण उचललं. वर मधोमध लाल लाखेचा एक टिकला होता.

"हे कुणी केलं?"

आतोबा उठून उभे राहिले. "पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून... ज्येष्ठात... मीच..." आत्याने अंबाड्यातला आकडा काढला, लाख खरवडली, भोकात आकडा फिरवला आणि झाकण लावलं. "चला. पोर वाट बघतेय."

हातखंब्यापर्यंत एकही ठोका चुकला नाही. आम्ही पोचल्यावर घटकाभरात भाचा जन्मला. नाळ त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलेली होती; आत्याची बोटं वेळेवर पोचली म्हणून तो वाचला. आतोबा बाहेर अंगणात येरझाऱ्या घालत होते. मूल रडल्याचं ऐकलं आणि ते होते तिथेच मातीत बसले, परीटघडीच्या धोतरासकट.

त्या दिवशीची नोंद मी पुढे वाचली : 'झाकणातील वायुमार्ग अवरुद्ध. सिद्ध.' तो कुणी अवरुद्ध केला आणि कुणी मोकळा केला, याविषयी शास्त्र मौन होतं. शिक्षकांच्या खोलीत मात्र "आमच्या घरी नुकताच एक प्रयोग झाला" अशी सुरुवात करून त्यांनी ती हकीकत महिनाभर सांगितली म्हणे, आणि दर आठवड्याला तीत आत्याचं एकेक वाक्य वाढत गेलं.

तीन वर्षांनी आत्या तापाने गेली. त्यानंतर मी रत्नागिरीला गेलो की आतोबा मला फटफटीवरून भाट्याच्या खाडीपर्यंत फिरवून आणीत. फटफटी उत्तम चालायची. एकदा परतताना चढावर तिला ओझं होतंय असं वाटून मी म्हटलं, "आतोबा, आता हा रिकामा पाळणा काढून टाका ना. गाडी हलकी होईल."

त्यांनी वेग जरा कमी केला. पाळण्याकडे एकवार पाहिलं.

"नको रे," ते म्हणाले. "तोल सांभाळायचं आता मला जमायचं नाही."