रेफरीशी बोलायचं नाही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते माळ्यावरच्या सामानासारखे आपोआप साठतात. आमच्या सुपर कपचेही तसेच साठले. मी रेफरी, त्यामुळे सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले. हल्ली घरात ऐकायला कोणी नसतं, म्हणून तुम्हाला धरून सांगतोय.

फुटबॉलमध्ये सुपर कप म्हणजे लीग जिंकणारी टीम आणि कप जिंकणारी टीम यांच्यातली मॅच. देशाच्या सुपर कपचं तरी काय, कधी एकच मॅच, कधी अख्खी टूर्नामेंट, मध्येच काही वर्षं गायब! उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये हरीशभाईंचं कापडाचं दुकान आहे. तिथे टीव्हीवर ती मॅच बघता बघता हरीशभाई म्हणाले, "अपना भी होना चाहिए." झालं. एका बाजूला त्यांची उल्हासनगरची टीम, दुसऱ्या बाजूला शशी मोरेची अंबरनाथ एमआयडीसीतल्या कामगारांची. सगळे चाळिशीच्या वरचे. आमच्याकडची लीग आणि कप दरवर्षी याच दोन टीम जिंकायच्या. रेफरी दोघांच्याही बाहेरचा हवा, म्हणून बदलापूरचा मी. कात्रपला राहतो, कंपनीतून रिटायर, मुलगा बंगळुरूला. खरं सांगायचं तर ही मंडळी सोडली तर मला मित्र असे नाहीतच.

•

पहिल्याच वर्षी घोळ झाला. मॅचच्या दिवशी सकाळी हरीशभाईंनी मला घरी नाश्त्याला बोलावलं. दाल पकवान. मी दोनदा मागून घेतलं. दुपारी नेमकी उल्हासनगरला पेनल्टी द्यावी लागली. बॉल सरळ हाताला लागला होता हो, आंधळ्यानेही दिली असती.

शशी शांतपणे म्हणाला, "ही पेनल्टी हाताची नाही, पकवानाची आहे."

त्या संध्याकाळी दोन्ही टीमनी बसून नियम केला. मॅचच्या आधीच्या रविवारपासून मॅच संपल्याच्या तीन लांब शिट्ट्या वाजेपर्यंत कोणीही रेफरीशी एक शब्द बोलायचा नाही. मोडला तर कप समोरच्या टीमला. मला कोणी विचारलंही नाही.

•

नियम रेफरीपुरता होता, रेफरीच्या बायकोला लागू नव्हता. त्यामुळे त्या आठवड्यात फोन सुनंदाला यायचे. ती स्पीकर लावायची, मी शेजारीच भाजी निवडत बसलेला.

"भाभी, रेफरीसाहेबांना सांगा, मॅच चारऐवजी पाचला."

"अहो, मॅच पाचला," सुनंदा मला सांगायची.

"ऐकलं मी."

"भाऊ, ऐकलंय त्यांनी," ती फोनमध्ये सांगायची.

एकदा शशीने तिला विचारलं, "वहिनी, ते बरे आहेत ना? नाही, आवाज जरा बसलेला वाटला."

•

एका वर्षी त्याच आठवड्यात मी अंबरनाथला गेलो होतो, म्हटलं दाढी करून घेऊ. खुर्चीत बसलो तर शेजारच्या खुर्चीत शशी. आरशात नजरानजर झाली.

थोड्या वेळाने शशी न्हाव्याला म्हणाला, "यांना विचार, गुडघा कसा आहे."

मी माझ्या न्हाव्याला म्हणालो, "सांग, सूज उतरली."

असं बराच वेळ चाललं. शेवटी माझा न्हावी वस्तरा थांबवून हळूच म्हणाला, "काका, सख्खे भाऊ आहात ना? जागेवरून झालं का?"

•

हाफटाइमला तर विचारूच नका. दोन्ही टीम आपापल्या कोपऱ्यात, हसणं, शिव्या, चिक्की, लिंबू सरबत. मी मध्ये एकटा. दोन्हीकडून एकेक जण येऊन पाण्याची बाटली ठेवून जायचा. आणि दोन्ही कोपरे बघत असायचे. मी दोन्ही बाटल्यांतलं सारखं पाणी प्यायचो. एकदा तहान नसताना दुसरी संपवली, उगाच बोभाटा नको.

•

एका वर्षी लीगही अंबरनाथने जिंकली आणि कपही. शशीचं म्हणणं, मॅच कशाला, सुपर कप द्या आमच्याकडे. हरीशभाईंचं म्हणणं, उपविजेते आम्ही आहोत, खेळणारच. निकाल रेफरीने द्यायचा, पण आठवडा सुरू झालेला. मग दोघे आमच्या घरी आले. मी स्वयंपाकघरात, ते दोघे हॉलमध्ये सुनंदासमोर भांडतायत.

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "खेळा बाबांनो. वर्षातून तेवढे एकदा हे घराबाहेर पडतात."

खेळले. आत मी चहाचं आधण बघत उभा होतो. तिला हे कळत होतं, ते मला तोवर माहीत नव्हतं.

•

आता शेवटचा.

सुनंदा गेली ती सुपर कपच्याच आठवड्यात. सकाळी छातीत दुखलं, दुपारी नव्हती.

बदलापूर गावातल्या स्मशानात दोन्ही टीम आल्या. हरीशभाईंनी खांदा दिला. शशीने लाकडं रचली. माझ्याशी कोणी एक अक्षर बोललं नाही. शशीने एकदा तोंड उघडलं, हरीशभाईंकडे बघितलं आणि परत मिटलं. हरीशभाईंचंही तसंच. एरवी निरोप तिच्याकडे द्यायचे, आता कोणाकडे देणार?

मुलाने विचारलं, "बाबा, हे लोक बोलत का नाहीत?"

"रविवारी मॅच आहे," मी म्हणालो.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. सगळे तेराव्याचं, भटजींचं, तिच्या साड्यांचं बोलत होते. मला तिच्याविषयी बोलायचं होतं, आणि ज्यांच्याशी बोलायचं होतं ते गप्प होते. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

रविवारी मी किट घातलं. मुलगा म्हणाला, "बाबा, सुतक आहे."

"रेफरीला बदली नसतो," म्हटलं आणि निघालो.

मैदानावर सगळे उभे होते. मला बघून कोणी हललं नाही. मी टॉस केला, बॉल मध्ये ठेवला, शिट्टी वाजवली. शशीने बॉल मागे दिला. तो दुसऱ्याच्या पायाला लागतोय तोच मी शिट्टी तोंडात धरली आणि तीनदा लांब वाजवली.

घड्याळ कोणी बघितलं नाही. निकाल कोणी विचारला नाही. हरीशभाई गोलपोस्टपासून चालत आले, मागोमाग बाकीचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अब बोल."

मी तिथेच गवतावर बसलो. बावीस जण भोवती बसले, आणि मी त्या दिवशीच्या सकाळच्या चहापासून सांगायला लागलो.