केरबाची फरशी आणि रडणारा हत्ती

वाईच्या अलीकडच्या त्या गावात महादेवाच्या देवळाला हात लावायचा, तर आधी केरबा गवंड्याला विचारावं लागे. निदान केरबाचं तसं म्हणणं होतं. महादेवाचं काय म्हणणं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी केरबानं देवळाच्या मागच्या दगडी भिंतीला स्वतःच्या पदरचं सिमेंट लावलं आणि वर फरशी बसवली : 'केरबा गवंडी यांची सेवा'. येता-जाता तो आधी फरशीकडे बघे, मग कळसाकडे.

आणि आता जुनी चित्रं दुरुस्त करायचं सहा वर्षं शिकलेली प्रांजल सांगलीहून आली होती. त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला जुनी चित्रं होती, अंबारीचा हत्ती, फुगड्या घालणाऱ्या बायका. त्यांच्यावर खाराचा पांढरा लोणा फुलला होता आणि हत्तीच्या डोळ्याखाली तांबडा ओघळ उतरला होता. प्रांजल काडीला कापूस गुंडाळून दिवसभरात तळहाताएवढी जागा साफ करी. तेवढ्यासाठी अख्खा गाव आ वासून उभा!

"तान्ह्या पोराचं कान आमच्यात असंच पुसत्यात," केरबा पारावर म्हणाला. "त्याला सा वर्सं कालिज लागत न्हाई."

सगळ्यांत झोंबलं ते घरचं. जन्मात नवऱ्याची एक भिंत बघायला न आलेली रंगूबाई रोज प्रांजलला धपाटी पोचवू लागली.

"आवं, हत्तीची नखं दिसाय लागली!"

"माझी नखं बघ की. चुन्यानं खाल्ल्यात."

"ती रोजच दिसत्यात."

पाचव्या दिवशी प्रांजलनं सरपंच हंबीररावांसमोर विचारलं, "मागच्या भिंतीला सिमेंट कुणी लावलंय?"

 उत्तर फरशीवर लिहिलेलंच होतं.

"मामा, जमिनीतली ओल भिंतीत चढते," ती केरबाला म्हणाली. "पूर्वी ती मागच्या चुन्यातून उडून जायची. सिमेंटनं ती वाट बुजली, म्हणून आता चित्रातून बाहेर पडते. पाणी उडतं, खार मागे राहतो. ते सिमेंट काढावं लागेल."

म्हणजे फरशीही. केरबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आनि हत्ती रडतोय, ते बी माज्यामुळंच का?"

हंबीरराव खाकरले. "त्याच्या डोळ्यावर माईकचा खिळा तूच ठोकला व्हतास गड्या. गंजलाय त्यो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच केरबा छिन्नी-हातोडा घेऊन देवळामागे गेला. सिमेंटमागची भिंत ठणठणीत कोरडी दाखवायची आणि पोरीला सांगलीची एस्टी दाखवायची, असा बेत होता. सिमेंटची एक खपली पडली. आतला दगड नुकता न्हाऊन आल्यासारखा ओला. केरबानं तळवा टेकवला, चाटला. खारट!

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. खपलीएवढं सिमेंट घरी पडलेलं होतं. पुन्हा लिंपलं असतं तर महादेवाशिवाय कुणाला कळलं नसतं. पण चाळीस वर्षं भिंती बांधलेल्या गवंड्याच्या जिभेला कळलं होतं, आणि ती जीभ काही गप्प बसणारी नव्हती. त्यानं पहिली उचकटली ती फरशी.

प्रांजल आली तेव्हा अर्धी भिंत उघडी होती.

"मामा, हळू! दगडाला धक्का नको."

"दगड वळखतोय मला."

"आता जुन्या पद्धतीचा चुना मळणारं कुणी हवं."

"हाय की एक. पर त्यो कुनाला बघू देत न्हाई."

मग केरबानं चुन्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घातला, तेही तिच्याकडे पाठ फिरवून. ती डावीकडून डोकावली की हा उजवीकडे वळे. अशी दोघंही घमेल्याभोवती फुगडी घातल्यासारखी फिरली.

दुपारी रंगूबाई दोन डबे घेऊन आली. केरबानं घरी नेऊन टाकलेली फरशी तिनं सकाळीच धुणं धुवायला न्हाणीत मांडली होती. नवऱ्याच्या कामावर डबा आणायची ही तिची पहिलीच खेप. केरबा फुलला. मग त्यानं मान लांबवून प्रांजलच्या डब्यात पाहिलं.

"अगं, तिला एक धपाटं जास्त?"

"ती हत्तीचं डोळं पुसती. तुमी रडिवलं व्हतं त्याला."

 केरबानं प्रांजलच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली.